वास्तू तथास्तु म्हणते

गिरगावातल्या आमच्या घरात मुलींनी शिकावं, पण नोकरी करू नये, असा दंडक होता. मी तो हट्टानं मोडला आणि घोडपदेवच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेतला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. पाळी सुटली की गिरणीतली माणसं डबा हातात घेऊनच मोर्च्याला जात आणि माझ्या वर्गातली पोरं बाक बडवत घोषणा देत.

त्या पोरांना वाचता येत नव्हतं, घोकता येत होतं. धडा तोंडपाठ, आणि अर्थ विचारला की तोंडं माझ्याकडे. ट्रेनिंगला असताना मी एक युक्ती शिकले होते. अर्ध्या गोष्टीवर थांबायचं, पुढच्या ओळींवर पुठ्ठा ठेवायचा आणि विचारायचं, "पुढे काय होईल? कशावरून?" पहिल्या पंधरवड्यात एकजण प्रत्येक धड्याला "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं उत्तर देत होता. हेडमास्तर म्हणाले, "बाई, पोर्शन संपवा. पुढे काय होईल ते परीक्षेत विचारत नाहीत." मी ऐकलं नाही. कुणाचं ऐकायचं नाही, हाच माझा तेव्हाचा मोठा गुण होता.

हळूहळू मुलं खुणा शोधायला लागली. पण वाईट मात्र कुणी बोलेना. गोष्टीत वाघ आला तरी तो पोट भरलेला निघायचा. मी कारण विचारलं, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "बाई, अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याही घरी कुणी मरणाचं बोललं की आत्या लगेच दटावायची. पण मी शिकलेली होते ना. मी म्हटलं, "ही म्युनिसिपालटीची वास्तू आहे. तिला तथास्तु म्हणायचं झालं तरी आधी ठराव पास करावा लागेल." मुलं हसली, मीही हसले. मग त्यांची भीड चेपली.

पुढचा धडा एका कोळ्याचा होता. वादळाची चिन्हं असताना तो समुद्रावर जातो. जाण्याआधी लेकाला बसवून जाळं कसं विणायचं, कसं वाळवायचं ते नीट समजावतो. तिथं मी पुठ्ठा ठेवला. सगळा वर्ग म्हणाला, परत येतो. ती पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "परत येत नाही."

"कशावरून?"

"रोज येणारा माणूस इतकं समजावून कशाला सांगेल?"

पुस्तकातला कोळी सकाळी सुखरूप परत येत होता. तरी मी तिला शाबासकी दिली, कारण पुस्तकापेक्षा तिचं वाचन खरं होतं. इतकं शहाणं उत्तर मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि त्यानंतरही कधी मिळालं नाही. मी सगळ्यांना सांगितलं, आज घरी हाच धडा मोठ्यानं वाचा आणि आईवडिलांना आपलं उत्तर सांगा.

तिनं सांगितलं. आई चुलीपाशी होती, बाप मोर्च्याला निघायच्या तयारीत होता. त्या दिवशी शहरात गोळीबार झाला. तिचा बाप परत आला नाही.

दोन आठवडे मुलगी शाळेत आली नाही, म्हणून मी त्यांच्या चाळीत गेले. आई मालवणकडची. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं मला पाट दिला आणि हळू आवाजात म्हणाली, "बापूस परत येवचो नाय, असा ह्यां चेडू बोल्ला. आणि तो इलो नाय." मुलगी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मी समजावलं, ते पुस्तकातल्या कोळ्याचं होतं, बोलण्यानं माणूस मरत नाही, माणूस गोळीनं मेला. आई म्हणाली, "तुमच्या गिरगावात तसा आसात, बाई." शेवटी तिनं मुलीला पाठवायचं कबूल केलं, पण एका अटीवर. तिला पुढचं काही विचारायचं नाही.

मुलगी आली. वाचत होती स्वच्छ, न अडखळता, आणि पुठ्ठ्यापाशी आली की थांबत होती. मी तिला विचारत नव्हते. मग इतरांनाही विचारवेना, कारण कुणीही तोंड उघडलं की ती कानांवर हात ठेवायची. महिन्याभरात मी पुठ्ठा बंद केला आणि वर्ग पुन्हा घोकायला लागला. हेडमास्तरांना आनंद झाला.

वार्षिक परीक्षा झाल्यावर आई बिऱ्हाड मोडून गावी निघाली. गावाच्या जवळपास शाळा नव्हती. मुलगी दाखला घ्यायला एकटीच आली. मी दाखला लिहीत असताना तिनं विचारलं, "बाई, मी परत येतो म्हटलं असतं तर?"

या प्रश्नाची मी कितीतरी दिवस वाट पाहत होते. तिच्या मनावरचं ओझं उतरवायची हीच वेळ, असं मला वाटलं. मी तिला जवळ घेतलं आणि ठामपणे म्हटलं, "तरी तेच झालं असतं, बाळ."

तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल म्हणून मी बघत होते.

"म्हणजे आपण काहीपण म्हटलं तरी तेच होतं," ती म्हणाली.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण कशावरून, ते मला सांगता येईना. तिनं दाखल्याची घडी घातली, वाकून नमस्कार केला आणि गेली.