साठा आणि झरा

अकोल्यात मी बोकडांचे शुक्राणू मोजते. लग्नघरी कोणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की मी हे मुद्दाम खणखणीत आवाजात सांगते आणि विचारणाऱ्याच्या हातातल्या जिलेबीचं काय होतं ते बघत बसते.

शेंदूरजनाघाटच्या एका शेतकरी बाईंचा वऱ्हाडी बोकड आमच्याकडे तपासणीला आला. लायक ठरला तर आमच्या पैदाशीच्या कळपात राहणार. नाही तर नवरा त्याला परतवाड्याच्या बाजारात खाटकाला देणार, हे घरात ठरलेलं. बाईंचा तर त्याच्यावर जीव!

नमुना घेतला, बारीक चौकोन आखलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. जिथे खच्चून गर्दी दिसायला हवी, तिथे चार-दोन चुकार शुक्राणू. आमचे साहेब म्हणाले, "नापास."

बाईंचा चेहरा पडला. मला शंका आली. "काल याने काय केलं हो?"

"काई नाई जी. आता बाहेरगावी चालला, कवा येईन का मालूम. मंग गल्लीतल्या साऱ्या बाया आपापल्या शेळ्या घेऊन आल्या. म्या कोनालेच नाई म्हटलं नाई."

"निरोप समारंभ केला मॅडम, तिनं त्याचा!" नवरा म्हणाला.

मी साहेबांकडे वळले. "आपण साठा मोजला, साहेब. उत्पादन कुठे मोजलं?"

संत्र्याच्या बागेत विहीर कशी जोखतात? मोटार लावून आधी उपसायची, मग झरा किती येतो ते पाहायचं. इथेही तेच. रोज ठरल्या वेळी नमुना घेत राहायचं. साचलेलं संपलं की पुढे रोज जेवढे मिळतात, तेवढे तो रोज तयार करतो. नवराही मान डोलावू लागला. विहिरीचं त्याला पटलं.

"करा तुमचं नाटक," साहेब म्हणाले. मी केलं. पहिल्या दिवशी मोठा आकडा देऊन भाव खाल्लेला, तपासणीलाच आलेला दुसरा एक बोकड उपसा लागताच ढेपाळला. आमचा मात्र रोज भरून येत होता, आणि आकडा काही खाली येईना. साहेबांनी स्वतः नमुना पुन्हा मोजला आणि 'पास' लिहून सही केली. माझ्या ऐटीला त्या दिवशी प्रयोगशाळा अपुरी पडली.

नवरा-बायको आले तेव्हा मी नवऱ्यालाच सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. त्याने बराच वेळ डोळा काढला नाही.

"बापा! हे सारे याचेच?"

"आजचेच."

"न्या ना आता बाजारात!" बाई कडाडल्या.

"कोन्या तोंडानं नेऊ वं?" तो म्हणाला. "घरात नोकरीले लागलेला तोच एक."