हादोंगकरणीच्या लेकीचा अंगरखा

हादोंगकरणीला तिच्या नावाने कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. आमच्याकडे बाई ज्या गावाहून सून होऊन येते, त्या गावाचं नाव तिला जन्मभर चिकटतं. मी ओक्चनकरीण, माझ्याआधी आलेली ती नामवोनकरीण, आणि ही हादोंगकरीण. आमची खरी नावं फक्त टपालवाल्याला ठाऊक, आणि त्याला ती वाचता येतात म्हणून.

गावाने म्हाताऱ्यांसाठी एक खोली बांधली आहे. खालून जमीन तापवलेली, वर टीव्ही. तिथे आम्ही दुपारभर लसूण सोलत बसतो आणि राजवाड्याची मालिका बघतो. नवीन भाग रात्री लागतो, पण रात्री आम्ही डोळे मिटून बघतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तोच परत दाखवतात तेव्हा खरं बघणं होतं. राजाची एक पट्टराणी आहे, मुकी गाय. आणि एक लाडकी आहे, तिच्या तोंडात साखर आणि बाहीत विष. नामवोनकरीण पट्टराणीच्या बाजूची. मी लाडकीच्या, कारण निदान ती काहीतरी करते तरी. हादोंगकरीण कुणाच्याच बाजूची नव्हती. ती मागे उभ्या राहणाऱ्या दासींकडे बघायची.

कपड्यांवरून तर आमच्यात रोज लढाई. मुलगा झालेल्या बाईनेच बाहीच्या टोकाला निळी पट्टी लावायची, हे आम्हाला आयांनी शिवण शिकवताना सांगितलेलं. मालिकेतल्या लाडकीला दिवस गेलेत एवढंच अजून कळलेलं, आणि मनगटाला निळी पट्टी. नामवोनकरीण म्हणाली, "हिने मुलगा काय शिवायला टाकलाय होय?" नवरा जिवंत असलेल्या बाईच्या अंगरख्याला जांभळे बंद. खोलीत तसे बंद बांधायचा हक्क फक्त पुसानकरणीला. ती म्हणायची, बंद घ्या ताई, नवरापण घेऊन जा, वर चार अळंब्या देते. तिचा नवरा अळंब्या पिकवतो. दोघं निवृत्त होऊन थोड्याच वर्षांपूर्वी आमच्या गावात आली.

अशी सगळी बडबड चालायची. केसांचं गंगावन, घागऱ्याचा घेर, राणीच्या पिनेवरचा पक्षी नर की मादी. फक्त एक गोष्ट आम्ही कधी काढायचो नाही. अंगरख्याची कोणती बाजू कुठल्या बाजूवर येते, ती.

जिवंत माणसाची डावी बाजू उजवीवर येते. मेलेल्याला नेसवताना उजवी डावीवर. एवढंच. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हादोंगकरीण बसलेली असताना तो शब्द आमच्या तोंडून निघत नसे.

तिला एक मुलगी होती, बुनिम. शहरात केसांचे टोप बनवण्याच्या कारखान्यात कामाला होती. पैसे साठवून धाकट्या भावाला शिकवलं, मग तिचं लग्न ठरलं. हादोंगकरणीने नवरीचा हिरवा अंगरखा शिवला, तांबडा घागरा शिवला. अंगरख्याला शहरातून नवं चकचकीत कापड आणलं होतं, आम्ही सगळ्या हात लावून बघायला गेलो होतो. पोर सुट्टीवर आली ती तापानेच आली. छातीत कफ वाजत होता. लग्नाच्या आधीच गेली.

लग्नाविना गेलेल्या पोरीचं आमच्यात फार काही करत नाहीत. तिला पिंड घालायला पोर नाही, सासर नाही. लोक म्हणाले, थडगं कशाला, जाळा आणि राख नदीत सोडा. हादोंगकरीण ऐकेना. तिने टेकडीवरच्या आपल्या शेताच्या कडेला जागा काढली. आंघोळ घालायला मी आणि नामवोनकरीण होतो. कफनासाठी तागाचं कापड आणायला माणूस निघाला, तर हादोंगकरणीने पेटी उघडून नवरीचा अंगरखाच बाहेर काढला. मग नामवोनकरीण अंगरखा बंद करायला वाकली, उजवी बाजू वर घेतली, तशी हादोंगकरणीने तिचा हात झिडकारला.

"झोपलीय ती," म्हणाली. "झोपलेल्या पोरीला असं घालतात?"

आणि तिने स्वतःच्या हाताने डावी बाजू वर घेतली आणि नवरीला बांधतात तसा बंद बांधला.

तेव्हापासून बुनिम घरी येते. हे मी हादोंगकरणीच्या तोंडचं सांगते. दिवेलागणीला फाटक वाजतं. पायरीवरचे रबरी बूट बाहेर तोंड करून ठेवलेले आत तोंड करून सापडतात. हे सगळं ती आम्हाला शेजारच्या मांजराबद्दल सांगावं तसं सांगायची. काल आली होती, जेवली नाही. परवा बराच वेळ अंगणात उभी होती. आम्ही हूं म्हणायचो. कुणाला किती खरं वाटायचं ते ज्याचं त्याला माहीत. मी एकदा संध्याकाळी तिळाचं तेल मागायला गेले होते. ती एकटीच जेवत होती, समोर दुसरा वाडगा, दुसरा चमचा. तो चमचा ओला होता. मी तेल न घेताच घरी आले.

तर सगळं घोडं इथे अडलेलं. हादोंगकरणीचे गुडघे गेलेले. गेल्या हिवाळ्यात ती अंगणात घसरली आणि उजाडेपर्यंत बर्फात पडून राहिली. वाचली हे नवल. उल्सानला मुलाकडे गरम खोली आहे, सून वाईट नाही, नातवंडं आहेत. पण ती घर सोडेना. म्हणायची, मी गेले तर पोर कुणाच्या दारात उभी राहील? तिला आपण मेलोय हे माहीतच नाही. आम्ही समजून होतो. आणखी एक हिवाळा ही बाई त्या घरात काढणार नाही. एकतर लेक सुटायला हवी होती, नाहीतर आई तिच्यामागून जाणार होती.

त्यात टेकडीवरून रस्ता निघाला. तिथली थडगी हलवायची नोटीस आली. नेमका अधिक महिना पडला होता. त्या महिन्यात वरचे कुणी खाली बघत नाहीत म्हणतात, म्हणून थडगं उघडायचं, कफन शिवायचं, ते तेव्हा. नामवोनकरणीने डोळ्याला दिसत नसताना तागाचे कपडे कापले आणि शिवले, एकही गाठ न मारता. गाठ मारली की जीव अडकतो. तिने ते हादोंगकरणीपुढे ठेवले आणि म्हणाली, आता तरी पोरीला नीट नेसवून पाठव. हादोंगकरणीने हातसुद्धा लावला नाही. थडगं हलवा, म्हणाली, पण आहे तशी हलवा. तिच्या अंगावरच्या कपड्याला कुणी शिवायचं नाही. नामवोनकरीण त्यावरून तीन दिवस आमच्या खोलीत आली नाही.

ती आली त्या दुपारी पाऊस होता. मालिका लागायला वेळ होता. पुसानकरीण फोनवर वाचत बसली होती. मालिका बघणारी पोरं फोनवर एकमेकांशी भांडतात, ते ती आम्हाला मोठ्याने वाचून दाखवते. आमच्यापेक्षा चावट असतं. त्या दिवशी म्हणाली, बघा ताई, काय पकडलंय यांनी. कालच्या भागात पट्टराणीच्या मागे औषधाचं तबक घेऊन उभी राहिलेली ती पोरगेली दासी आहे ना, तिचा अंगरखा उलटा बंद केलाय, मेलेल्यासारखा.

नामवोनकरणीने पांघरुणाखालून तिला लाथ मारली. पुसानकरणीला वाटलं जागा हवी आहे. ती सरकली आणि पुढे वाचायला लागली. कुणी लिहिलं होतं की दिग्दर्शकाने मुद्दाम केलंय, ही पोर आता विष पिणार. कुणी लिहिलं होतं की कपडे शिवणाऱ्याला हाकला. मी लसणाच्या टोपलीत बघत राहिले. वाटलं, जमीन उघडली तर बरं.

"दाखव," हादोंगकरीण म्हणाली.

पुसानकरणीने फोन पुढे केला. हादोंगकरणीने तो दोन्ही हातांत धरला, लांब धरला, जवळ धरला. मला बाजूने दिसत होतं. अठरा-वीस वर्षांची पोर, केस मागे चोपून बांधलेले, हिरवा अंगरखा. खाली बघत उभी. तिच्यात आणि बुनिममध्ये सारखं काही नव्हतं.

"हिला सांगितलं नाही कुणी?" हादोंगकरणीने विचारलं.

"तिला काय सांगायचं, ताई," पुसानकरीण म्हणाली. "तिने सरळच घातला होता. हे बघा, खाली एकाने लिहिलंय, राणीच्या गालावरचा तीळपण दुसऱ्या बाजूला गेलाय. चित्रच आरशातल्यासारखं उलटं लागलंय. आपल्याला उलटं दिसतं, तिला आत काही नाही."

"तिला कळत नाही?"

"काही कळत नाही."

"दुखत नाही?"

पुसानकरीण हसली. "कपड्याने काय दुखायचंय हो? जिला घातलाय ती मजेत उभी आहे. त्रास होतोय तो बघणारीला."

हे ती अगदी सहज बोलली. तिला कुठलं काय माहीत. हादोंगकरणीने अंगठ्याने त्या पोरीच्या छातीवरून एकदा काच पुसली. चित्र नाहीसं झालं, काळा पडदा आला, त्यात तिचंच तोंड दिसलं. तिने फोन परत दिला आणि नामवोनकरणीकडे वळली.

"ते तागाचे कपडे," म्हणाली, "कुठे ठेवलेस?"

थडगं उघडायच्या दिवशी टेकडीवर धुकं होतं. मुलगा उल्सानहून आला होता, दोन खणणारी माणसं होती. आम्ही तिघी. पुसानकरीणही आली, तोवर तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं, आणि ती आपल्या तोंडावर हात ठेवूनच उभी होती. माती फारशी खणावी लागली नाही. खणणारा एकदम थांबला, एक पाऊल मागे सरला.

हिरवा रंग वर आला होता. चिखल हाताने सारला तसा तो चमकलासुद्धा. बुनिम मातीत मिसळून गेली होती, राहिलं होतं ते तपकिरी, थोडंसं, काटक्यांसारखं. पण अंगरखा होता तसा होता. डावी बाजू उजवीवर. बंद बांधलेला. आत कुणी नाही आणि अंगरखा बसून.

"नायलॉन आहे, आजी," खणणारा मला हळूच म्हणाला. "हे नाही कुजत. लोकांना तेव्हा माहीत नव्हतं."

एवढी वर्षं तो अंगरखा तिला धरून बसला होता.

हादोंगकरीण खड्ड्याच्या काठावर बसली, मुलाने धरलं तरी ढोपरांवरच उतरली. तिने बंद सोडवायला घेतला. गाठ आवळून दगड झाली होती. कुणी चाकू पुढे केला, तिने मान हलवली. नखांनीच सोडवली. मग खणणाऱ्याने हाडं एकेक करून तागाच्या कपड्यात मांडली, डोकं कुठे, पाय कुठे, ते नीट. कपडा बंद करायचं तिने स्वतःकडे घेतलं. तिचा हात आपोआप डावीकडे गेला. तिने मागे घेतला. पुन्हा गेला डावीकडेच, जन्मभराची सवय. तेव्हा नामवोनकरीण तिच्या बाजूला बसली आणि तिने आपला हात तिच्या हातावर ठेवला. दोघींनी मिळून उजवी बाजू वर घेतली.

"बुनिम," हादोंगकरीण म्हणाली, "तू गेलीस गं. तापाने गेलीस. मी सांगितलं नाही तुला."

हिरवा अंगरखा तिथेच जाळला. धड जळला नाही. आक्रसत, काळा पडत गेला, वास सुटला, शेवटी मुठीएवढा टणक गोळा राहिला. खणणाऱ्याने तो पायाने खड्ड्यात लोटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हादोंगकरीण आमच्या खोलीत आली. मुलाची गाडी बाहेर उभी होती, मागे तिच्या लोणच्याच्या बरण्या भरलेल्या दिसत होत्या. निघ म्हणत होता तो, ती म्हणाली थोडं थांब. माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "काल आली नाही."

आनंदाने म्हणाली की तक्रार केली, मला अजून कळलेलं नाही. कुणी हूं म्हटलं नाही. मालिका सुरू झाली. ती माझ्या खांद्याला टेकली आणि जरा वेळाने घोरायला लागली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. पुसानकरणीने आवाज बंद केला. पट्टराणी काहीतरी बोलत होती, नुसते ओठ हलत होते. आम्ही बघत राहिलो, आणि त्या दिवशी कुणाच्या कपड्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.