मागावर उरलेली चार बोटं

अण्णा गेले, हे वहिनींनी मला झोपडीच्या दारातूनच सांगितलं. "तिथंच थांबा, भावजी," एवढंच म्हणाल्या. प्लेगमुळे अर्धं शहापूर तेव्हा वडगावपलीकडच्या शेतांत झोपड्या घालून राहत होतं… त्याला आता काही आठवडे झाले.

आम्ही विणकर. थोरले अण्णा तेवढे पुढं शिकले आणि शाळेत इंग्रजीचे मास्तर झाले. इंग्रजी क्रियापदाला छोटा शब्द जोडला की नवा अर्थ कसा येतो, हे ते घरातली वाक्यं देऊन शिकवत. 'पुट' म्हणजे ठेवणं, 'पुट ऑफ' म्हणजे आजचं काम पुढं ढकलणं. कुणाला उदाहरण सुचलं नाही, की ते माझं देत : "आमचा बाळू कौलं बदलायचं दर वर्षी पुट ऑफ करतो." मुलं हसत. घरी ते ऐकून मीही हसायचो.

घरचे सगळे शेतावर गेले, मी मागे राहिलो. मागावर लग्नाची साडी होती, वीतभर उरलेली. नवरीच्या साडीचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, अर्ध्यात कापायचा नाही, ही आमची रीत. अण्णा न्यायला आले.

"एवढं झालं की येतो, अण्णा."

"तुझं पुट ऑफ काय सुटायचं न्हाय. सर तिकडं, मी बसतो. तुझ्याहून लौकर आटपतो बघ."

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ते बसलेसुद्धा. त्याच खड्ड्यात सकाळी मला मेलेला उंदीर सापडला होता. साडी पुरी व्हायच्या आत मलाही घराबाहेर काढतील म्हणून मी तो गुपचूप परसात पुरला होता. सांगायचं ओठांवर आलं… एवढी वीत होऊ दे, मग सांगू, असं वाटलं. कितीतरी वर्षांनी हातात धोटा आला म्हणून अण्णा खुशीत होते. मध्येच वाकून त्यांनी घोटा खाजवला. तेव्हाही मी बोललो नाही.

उजेड गेला तेव्हा चार बोटं उरली होती. "ऱ्हाऊ दे, चल," म्हणत त्यांनी मला शेतावर नेलं. थोड्याच दिवसांत त्यांना ताप भरला, जांघेत गाठ आली. मला काही झालं नाही.

आता आम्ही घरी परतलोय. नवरीकडच्यांनी साडी दुसरीकडून घेतली. ताणा मागावर तसाच आहे.

"तेवढं कापून टाका, भावजी. बघवत न्हाय," वहिनी म्हणतात.

उंदराचं त्यांना अजून ठाऊक नाही. हे लिहितोय ते छापून येण्याआधी सांगायला हवं. आज सकाळी त्यासाठीच मागापाशी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी चहा दिला… एवढा पिऊन होऊ दे, मग सांगू, असं वाटलं.