आबांनी परत घेतलेला शब्द

आदरणीय सखाराम ओव्हाळ, म्हणजे आपल्या सगळ्यांचे आबा, यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती सुईच्या निमित्ताने. मी आंबीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. आबा रेल्वेत की-मॅन होते. बेगडेवाडी स्टेशनजवळचा काही किलोमीटरचा रूळ त्यांच्याकडे होता. खांद्यावर हातोडा टाकून तो रोज चालत तपासायचा, रूळ धरून ठेवणारी एखादी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. एके दिवशी पायात गंजका तुकडा घुसला म्हणून ते धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आले. सगळ्यांना सांगते तसं मी त्यांना सांगितलं, "तिकडे बघा." तर म्हणाले, "तिकडं बघितलं म्हंजे दुखायचं थांबतं व्हय? मला बघू द्या की, कसं दुखतंय ते." आणि खरंच, सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत एकटक बघत राहिले. मी मनात म्हटलं, हे गृहस्थ जरा सटकलेले दिसतात.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला बजावलं आहे, "ताई, पंच्याहत्तरीचा गौरव आहे, चांगलंच लिहा हं." मी चांगलंच लिहिणार आहे. पण आबांच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे, कारण त्या चुकीनंतर ते जसे वागले तसं वागणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मंडळी कां कू करायला लागली तेव्हा मी थेट आबांना विचारलं. ते म्हणाले, "ल्ही की. तेवढंच खरं हाय, बाकी समदं हारतुरं." आता कुणाची हिंमत असेल तर त्यांनी या लेखाला कात्री लावून दाखवावी.

आबांचं कार्य आपल्या सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडं सांगते. त्यांच्या आईवडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. शिक्षण सातवीपर्यंत. पाली त्यांनी नोकरी सांभाळून, एका भन्तेजींच्या पायाशी बसून शिकून घेतली. सुट्टीच्या दिवशी सायकलवर टांग टाकायची आणि आंबी, इंदुरी, जिथे बोलावतील तिथल्या विहारात जायचं. वंदना सगळ्यांनाच पाठ असते, तिचा अर्थ आबा सांगायचे. ध्यानाला बसायला शिकवायचे. एकदा एका कंपनीतल्या कामगाराने तक्रार केली, "आबा, डोळे मिटले की डोक्यात नुसता कालवा होतो." आबा म्हणाले, "आदी कालवा नव्हता व्हय? आता तुला ऐकू यायला लागला, एवढंच." त्या कामगाराने पुढे दारू सोडली. आबांनी त्याला सोड म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं.

तर आता माझ्याबद्दल. माझा मुलगा अमोल लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला होता. तेवीस वर्षांचा. एका उन्हाळ्यात मोटारसायकलवरून घरी येताना अपघातात गेला. एकुलता एक. यापुढे त्याबद्दल काही लिहीत नाही.

अमोल गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. विधी आबांनीच केला. मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "आबा, माझा अमोल कुठे गेला?" मी हात सोडेचना. माझ्या तोंडाकडे बघून आबांचे डोळे भरून आले आणि ते बोलून गेले, "येईल गं पोरी. कुटंतरी जवळच येईल."

बस्स. एवढंच वाक्य. बोलणाऱ्याच्या मनात काय असतं आणि ऐकणारी त्याचं काय करून ठेवते, बघा!

वर्ष पुरं व्हायच्या आत, होळीच्या सुमारास, आमच्या घरामागच्या शेतकरी कुटुंबात सुवर्णाला मुलगा झाला. बाळंतपणाला मीच होते. बाळाला पुसून घेताना मला डाव्या कानाच्या पाळीवर तीळ दिसला. अमोललाही होता, अगदी तिथेच. तीस वर्षं नोकरी केलेली बाई मी, हजारभर बाळं या हातांत आली असतील, पण त्या दिवशी माझी अक्कल गहाण पडली. आला, जवळच आला, आबा म्हणाले होते तसाच!

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. आज झबलं, उद्या दुपटं. पहिले काही दिवस सुवर्णाच्या सासूबाई, ज्यांना सगळा गाव आक्का म्हणतो, कौतुकाने म्हणायच्या, "नर्सबाईंनी लय जीव लावलाय." बाळाचं नाव ओंकार ठेवलं. मी एकांतात त्याला अमोल म्हणत होते. पुढे चारचौघांतही म्हणायला लागले. सुवर्णा मला बघून बाळाला आत न्यायला लागली, तर मलाच राग, की माझं लेकरू मला दाखवत नाही!

श्रावणात एके दुपारी सुवर्णा मागल्या अंगणात धुणं वाळत घालत होती. बाळ ओसरीवर झोळीत होतं. मी उचललं आणि घरी आले. आतून कडी लावली. अमोलच्या लहानपणीचं टोपडं मी जपून ठेवलं होतं, ते त्याला घातलं आणि मांडीवर घेऊन बसले. बाहेर ओरडा सुरू झाला, माणसं विहिरीकडे धावली. मला सगळं ऐकू येत होतं. मी उठले नाही. पाच महिन्यांचं पोर रडून रडून माझ्या मांडीवर झोपलं, तरी उठले नाही. हे लिहिताना आजही मला स्वतःची शरम वाटते.

शेवटी आक्कांनीच ओळखलं. दारावर थापा मारत म्हणाल्या, "नर्सबाई, तुमचं दुख मला कळतंय गं. पर त्ये पोर आमचं हाय. त्याची आई तिकडं पडलीया, दार उगडा." मी दार उघडलं. आक्कांनी बाळ घेतलं आणि निघून गेल्या. त्यांच्या घरात तरणे पुरुष होते, आमच्या वस्तीतही होते. कुणी एकाने आवाज चढवला असता तर गावात दोन तट पडायला संध्याकाळसुद्धा लागली नसती. आक्कांच्या मालकांनी ते होऊ दिलं नाही. ते आबांकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या शब्दापायी झालंय म्हनं हे. तुमीच निस्तरा."

वर्षावास चालू होता. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं, आणि वाचनाआधी आबा सर्वांना पंचशील देतात, हे आपण जाणताच. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायकांनी मला धरून विहारात नेलं. विहार गच्च भरलेला. आबांनी ग्रंथ उघडला नाही. उभे राहिले.

"पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलन्याचं. त्ये मी मोडलं," आबा म्हणाले. "या बाईला मी सांगितलं, तुजा पोरगा परत येईल. मला कुटं ठावं हाय? बुद्धांनी आत्मा न्हाई म्हून सांगितलं, मग कोन जानार आन् कोन येनार? तिचं रडनं मला बघवंना, म्हून मी बोललो. तिच्यासाटी न्हाई, माज्यासाटी बोललो. मागल्या जल्माची थाप मारूनच आपल्या वाडवडलांना वेशीभाईर ठेवलं व्हतं. तीच थाप मी हिला गोड करून चारली. आज समद्यांम्होरं मी तो शब्द माघारी घेतो."

मी ताडकन उठले. "म्हणजे माझा पोरगा मेला म्हणता?"

"व्हय पोरी. मेला."

त्या वेळी मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. शेवटी मी म्हणाले की आता जन्मात तुमचं तोंड बघणार नाही, आणि निघाले. मागाहून कळलं, की आबा तेव्हाच पुढची जागा सोडून मागे, दाराजवळच्या सतरंजीवर जाऊन बसले. ज्याने शील मोडलं त्याने दुसऱ्याला शील देऊ नये, असं म्हणाले. पुन्हा पुढे कधी बसणार असं विचारल्यावर म्हणाले, "जिला खोटं सांगितलं ती म्हनंल तवा." लोकांनी खूप विनवण्या केल्या. आबा हलले नाहीत. तो वर्षावास गेला, वर्ष गेलं, दुसरा वर्षावास आला, तरी ज्यांना आबांनी वाचायला शिकवलं ती पोरं पुढे आणि आबा दाराशी.

आणि मी? मी घरात बसून त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. दर रविवारी सकाळी आबा आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. हाक नाही, कडी वाजवणं नाही. अर्धा तास डोळे मिटून बसायचे आणि जायचे. चार रविवार मी दार उघडलं नाही. पाचव्या रविवारी उघडलं ते भांडायला. "कशाला येता? पोरगा तर मारलात!"

"तू येकटी हायेस म्हून येतो," म्हणाले. "बोल काय बोलायचं त्ये."

मी तासभर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी कधीच दुसरीकडे बघितलं नाही, हे पुढे माझ्या लक्षात आलं. पहिल्यांदा मी त्यांना सुई टोचली तेव्हाच्यासारखंच, माझं दुखणंही ते सरळ बघत होते. आणि मला म्हणत होते, तूही बघ. त्यांनी मला बसायला शिकवलं ते असं: "श्वासाकडं ध्यान ठेव. अमोल आठवला तर म्हन, आला. हाकलायचं न्हाई. पर बसायला पाटबी द्यायचा न्हाई. त्याचा त्यो जाईल." सुरुवातीला अमोल जाईचना. मी चिडायचे, उठायचे. आबा म्हणायचे, "मी पस्तीस वर्सं त्याच त्या चाव्या ठोकल्या. काल ठोकलेली आज सैल असायची. राग धरून कसं चालंल? परत ठोकायची." मीही मग हट्टाला पेटले. रोज पहाटे बसायचंच, रडू आलं तर रडत बसायचं, पण उठायचं नाही.

एकदा मी विचारलं, "आत्मा नाही, तर मग माणसाचं पुढे काहीच जात नाही?" आबा म्हणाले, "मी कामाला लागलो तवा रुळाखाली लाकडी स्लीपर व्हते, आता शिमिटाचे हायेत. रूळ बदलला, खडी बदलली, मीबी रिटायर झालो. त्यातलं जुनं काईबी उरलं न्हाई. तरी कालच्या कामावरच आजची गाडी चालतीया का न्हाई? अमोलनं जे चांगलं केलं त्ये चालू हाय. अमोल न्हाई. याच्या म्होरचं मला ठावं न्हाई, आन् जे ठावं न्हाई त्ये मी आता बोलत न्हाई." मुक्तीबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्ये लय लांबचं न्हाई. ते पोर ज्या घटकंला त्याच्या आईला मनापासनं देशील, तेवढी तू सुटलीस."

ती घटका दुसऱ्या वर्षावासात आली. ओंकार दीड वर्षाचा झाला होता, त्याचा बूस्टर डोस होता. सुवर्णा त्याला उपकेंद्रात घेऊन आली, पण उंबऱ्यातच थबकली. अमोल मनात आला. मी म्हटलं, आला. आणि सुवर्णाला म्हटलं, "ये गं आत. ओंकारला मांडीवर नीट धर." मी त्याला माझ्या मांडीवर घेतलं नाही. सुई टोचली. तो मोठ्याने रडला आणि आईच्या गळ्यात पडला. आईच्याच, दुसऱ्या कुणाच्या नाही. सुवर्णाने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघी रडलो.

अश्विन पौर्णिमेला मी विहारात गेले. आबा दाराशी बसले होते. मी म्हटलं, "आबा, पुढे बसा. आज मला तुमच्याकडून शील घ्यायचं आहे." ते उठले. गुडघे दुखत होते, म्हणून मीच हाताला धरून पुढे नेलं. चौथं शील देताना त्यांचा आवाज फुटला. मग आम्ही सगळ्यांनी ते मोठ्याने म्हटलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ओंकार शाळेत जातो आणि मला नर्सआजी म्हणतो. आबांना आता अक्षर दिसत नाही, म्हणून धम्मग्रंथातलं पुनर्जन्मावरचं प्रकरण दर वर्षावासात मी वाचते. हे काम त्यांनीच माझ्यावर टाकलं आहे. दरवर्षी ऐकणाऱ्यांत ताजं दुःख घेऊन आलेलं कुणीतरी असतं, आणि वाचन संपलं की ते माझा हात धरतं, "ताई, आमचं माणूस परत येईल का हो?" मला त्यांना येईल म्हणावंसं वाटतं. दरवेळी वाटतं. मी म्हणत नाही, आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर म्हणणार नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते.

आबा, पुढच्या जन्मी भेटू असं म्हणायची सोय तुम्ही आम्हाला ठेवली नाहीत. तेव्हा आमची सगळी भिस्त तुमच्या या एकाच आयुष्यावर आहे. ते भरपूर लांबो, तुम्ही धडधाकट राहा, पुढेच बसा. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता आणखी टाळू नका. त्याआधीचं इंजेक्शन मी स्वतः येऊन देईन, आणि तिकडे बघा असं अजिबात म्हणणार नाही.