पत्र्याच्या खोलीची पहिली जत्रा

आमच्या घरची ताडपत्री मेली, तेव्हा जाता जाता तिनं माझ्या बायकोचं कपाळ फोडलं.

तोवर आमचं सगळं फिरणं त्या ताडपत्रीखालीच झालं होतं. तुरी घरात आल्या की माघात नदीकाठच्या देवीची जत्रा भरते. आमच्या ढाणकीकडची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या, पाण्याचं पिंप, गोवऱ्या आणि वांग्यांचं पोतं टाकून निघतात, तिथं मुक्काम करतात आणि देवीला रोडग्यांचा निवद दाखवतात. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजलेले. फोडून त्यात तूप ओतेपर्यंत आपल्या हातात अन्न आहे की गोटा, हे नव्या पाहुण्याला कळत नाही. आमच्या ट्रॉलीवर लोखंडी कमानी होत्या आणि कमानींवर ताडपत्री. पुढून मागून उघडं. मला ते फार थाटाचं वाटायचं, कारण मी बाहेर खाटेवर झोपायचो.

त्या वर्षी जत्रेत भरदुपारी गारपीट आली. आधी वारा आला. ताडपत्री फुगली, कमानी कुरकुरायला लागल्या. आत माय, बायको आणि दोन्ही पोरी. आता घरच्या कर्त्या पुरुषानं काहीतरी करायला हवं, म्हणून मी ताडपत्रीचा सुटलेला दोर धरला आणि कमरेला बांधला. माझ्या वजनानं ती जागेवर राहील, असा माझा अंदाज. वाऱ्याचा अंदाज वेगळा होता. त्यानं मला ट्रॉलीवरून उचललं, शेजारच्या हरभऱ्यात आपटलं आणि तिथून धुऱ्याच्या बांधापर्यंत फरफटत नेलं. वरून गारांचा मारा चालूच. मी लोळत असताना मागे एक कमान खिळ्यातून निसटली आणि बायकोच्या कपाळावर बसली. ती मायवर पालथी पडली होती, म्हणून माय वाचली. मी परत आलो तेव्हा बायकोच्या चेहऱ्यावरून रक्त वाहत होतं आणि माझ्या दोन्ही कानांत हरभरे होते.

टाके पडले. घरी आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, "दार असलेली गाडी करान तर येईन. आतून लावता येईल असं दार. नाई तर तुमी जा, तुमचा दोर घेऊन."

ती येणार नाही म्हणजे रोडगे होणार नाहीत, आणि रोडगे होणार नाहीत म्हणजे माय जाणार नाही. मायचे गुडघे गेलेले. वर्षभर ती घर ते ओटा आणि ओटा ते घर एवढंच चालते. जत्रा हे तिचं वर्षातलं एकच बाहेर पडणं. तिनं कणीक मळायची मोठी परात घासली, पुसली आणि पोरीकरवी माळ्यावर टाकायला लावली.

म्हणून मी खोली बांधली. जुनी ट्रॉली, तिच्यावर लोखंडी सांगाडा, त्याला पत्रा, भंगारात निघालेल्या बसच्या सरकत्या काचा, आत दोन बाकडी, आणि आतून कड्या लागणारं दार. वेल्डरच्या दुकानात मदत करायला मी रोज जायचो आणि रोज रक्त काढून यायचो. पत्र्यानं अंगठा कापला. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी सदऱ्याची चाळणी झाली. एकदा सांगाड्याची पट्टी मी 'धरली, धरली' म्हणत सोडली, ती वेल्डरच्या पायावर पडली, आणि त्यानं मला हातोडा फेकून मारला. नेम चुकला. त्याचं त्याला अजून वाईट वाटतं.

गावानं डब्याला नावं ठेवली. "कैद्यांची गाडी कोठी चालली बे?" "अंडे इकून राह्यले का, भाऊ?" बायको पाहायला आली तेव्हा तिनं आधी दाराला लाथ घातली. दार हललं नाही. मग आत जाऊन कड्या लावल्या आणि मला म्हणाली, "आता तुमी मारा." मी मारली. दार तसंच राहिलं, मी आठवडाभर लंगडलो. परात माळ्यावरून खाली आली.

आता एक अडचण उरली होती, ती म्हणजे मी. मला ट्रॅक्टर चालवता येतो, पण फक्त पुढे. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घ्यायचा म्हणजे स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि ऐन वेळी माझे हात सुलटेच फिरतात. ट्रॉली मग दुमडून ट्रॅक्टरला चावायला येते. म्हणून बायकोनं तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. हा माझा साळा कळंबचा, ट्रॅक्टर म्हणजे त्याला बैलापेक्षा गरीब. तो मागच्या मागे नेऊन ट्रॉली गोठ्यात घालतो आणि वर मिशी पुसतो. मला तो माणूस आधीपासून आवडत नव्हता.

माघात निघालो, ट्रॅक्टर साळ्याच्या हाती आणि मी शेजारी मडगार्डवर. वाटेत खोलीच्या उंचीनं एका लग्नाचं कापडी फाटक नेलं आणि एका चहाच्या टपरीचं छप्पर वाकवलं. टपरीवाला सळई घेऊन मागे धावला. साळा शांतपणे गिअर बदलत म्हणाला, "भाऊजी, उंची मोजली होती का?"

"तू गाडी पाय."

"मी गाडीच पाहून राह्यलो. तुमी मांग पाहा, तो सळईवाला जवळ येऊन राह्यला."

देवीच्या ठिकाणी पोचलो आणि माझी मती फिरली. जत्रा आमच्याकडे पाहत होती. एवढ्या लोकांसमोर आपल्या ट्रॅक्टरवर आपण पाहुण्यासारखं बसून यायचं? साळ्याला उतरवलं आणि ट्रॅक्टर मी हातात घेतला. ताडपत्रीच्या काळात आम्ही उघड्या मैदानात थांबायचो. आता पत्रा होता, आणि पत्रा दहा वाजताच तव्यासारखा तापला होता. मायला सावली पाहिजे, म्हणून मी सरळ पिंपळाखाली घुसलो. समोर नदीचा उतार, एका अंगाला धर्मशाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला पिंपळाचं खोड. ट्रॅक्टरचं नाक उताराच्या काठाशी थांबलं. पुढे जायला जागा नाही, वळायला जागा नाही. निघायचं तर फक्त मागे.

"घेऊ का मांग?" साळा म्हणाला.

"कायले? नदी कशी दिसते मायले!"

"भाऊजी, वरतं पाहा."

मी वर पाहिलं. पिंपळाच्या आडव्या फांद्यांना आग्यामोहोळाची काळी पोळी लोंबत होती, सुपाएवढी. वरचा पृष्ठभाग मधूनच लाटेसारखा हलायचा. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण सूचना साळ्यानं केली होती. मी म्हणालो, "त्यायले आपलं काय देनंघेनं? अन् धुरानं माशा निपचित पडतात. मोहोळ काढनारे धूरच करतात ना?" हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. मोहोळ काढणारे नंतर काय करतात, तो भाग पाहायचा राहिला होता.

माय दाराशी बाकड्यावर बसून हौसेनं बघत होती. बायकोनं कणीक मळली, रोडगे वळले. खोलीच्या मागे मी गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, निखारे झाल्यावर रोडगे पुरले. वर पुन्हा गोवऱ्या. धूर सरळ पिंपळात चढत होता. वर घरघर सुरू झाली, लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तशी.

साळा बादली घेऊन आला. "ताई, पोरीयले घेऊन आत जा," म्हणाला आणि भडाभडा पाणी विस्तवावर ओतलं.

देवीच्या निवदाच्या विस्तवावर पाणी! आणि मायच्या डोळ्यांदेखत! मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. एवढी सणसणीत की शेजारच्या ट्रॉलीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. त्यानं क्षणभर गाल धरला, मग माझी कॉलर धरली. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. त्यानं माझ्या पाठीत कोपर घातलं. आम्ही राखेत पडलो, परातीवर पडलो, वांग्यांवर पडलो. तो माझं तोंड जमिनीत घासत होता, मी त्याचा कान चावत होतो. माय ओरडत होती, "अरे, मरता का रे दोघं!"

आणि ओल्या गोवऱ्यांमधून पांढरा, दाट, गुदमरवणारा धूर उठला. आधीच्या धुराच्या दहापट. नेमका सरळ वर.

माशा कोणाच्या धुरानं उठल्या, त्याच्या की माझ्या, हा वाद अजून मिटलेला नाही. पण उठल्या. आभाळ खाली कोसळावं तशा. पहिली माझ्या पापणीवर बसली, दुसरी ओठावर, त्यानंतरच्यांना मी जागा दिली नाही, त्यांनी घेतली. जत्रा फुटली. बैल दावी तोडून पळाले, माणसं गोधड्या डोक्यावर घेऊन पळाली. बायकोनं पोरींना आत ढकललं, काचा सरकवल्या, दार ओढलं. मी दारापाशी पोचलो तेव्हा आतल्या कड्या एकामागून एक बसत होत्या. मीच निवडलेल्या कड्या.

"उघड! मी हाये!"

"उघडत नाई!" काचेपलीकडून तिचा चेहरा दिसला. कपाळावरची जुनी खूण लाल झाली होती. "माय आत हाये! नदीत जा!"

मी दारावर लाथा घातल्या. ते हललं नाही. काय दार केलं होतं, वा! काचेवर माशांचा थर चढत होता. त्या थरातल्या फटीतून मला माय दिसली. बाकड्यावर आडवी, तोंड उघडं, पदरानं तिला वारा घालणाऱ्या पोरी. वरून ऊन, सगळ्या काचा बंद, पत्रा तापलेला. माशांनी नाही तर उकाड्यानं माय जाणार होती, आणि दार उघडलं तर माशांनी. मायसाठी मी तव्याची खोली केली होती.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या मानगुटीला धरलं आणि उतारावरून खाली नेलं. साळा. आम्ही दोघं डोहात पडलो. त्यानं माझं डोकं पाण्याखाली दाबलं, त्यात मदत किती आणि सूड किती ते मला सांगता येणार नाही. वर आलो की माशा, खाली गेलो की गाळ.

"खोली मांग घ्या लागते," तो थुंकत म्हणाला. "माय मरन आतमंदी."

"मले नाई येत," मी म्हणालो. हे वाक्य मी त्याच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारलं.

"मले मालूम हाये. गोधडी घ्या."

काठावर कोणाची तरी गोधडी पडली होती. ती पाण्यात बुडवून आम्ही दोघांनी डोक्यावर घेतली आणि तसेच वर चढलो, एका गोधडीत दोन साप असावेत तसे. तो सीटवर बसला, मी मडगार्डवर, आणि ओली गोधडी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर ताणून धरली. म्हणजे माझे हात उघडे. त्या हातांचं काय झालं ते लिहीत नाही, पुढे महिनाभर मला चमचा धरता आला नाही. तो मान वळवून, गोधडीच्या फटीतून एका डोळ्यानं मागे पाहत होता. स्टिअरिंग उलटं फिरलं. ट्रॉली सरळ मागे गेली. धर्मशाळेच्या भिंतीला पत्रा करकरत घासला, मागचं चाक विस्तवावरून गेलं, निखारे उधळले, राख उडाली. एक माशी त्याच्या पापणीला चावली. तो बोंबलला, पण चाक वाकडं होऊ दिलं नाही. मैदान पार करून, पार बाजरीच्या धसकटांत नेऊन त्यानं खोली थांबवली.

कड्या निघाल्या. बायकोनं मायला हातांवर उचलून बाहेर आणलं. माय घामानं चिंब, डोळे मिटलेले. तोंडावर पाणी मारलं. आम्ही सगळे तिच्यावर वाकलो. तिनं डोळे उघडले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि ओळख पटेना म्हणून बायकोला विचारलं, "हा कोन व?"

मग म्हणाली, "रोडगे?"

ऊन कललं, धूर विझला, माशा वर गेल्या. बायको आणि थोरली पोर डोक्यावरून पदर घेऊन पिंपळाकडे गेल्या. चाकाखाली सगळे रोडगे जमिनीत बसले होते. बरेचसे चिरडले होते. एक मात्र चाकाच्या खुणेत तसाच रुतलेला, अख्खा. फोडायला वरवंटा लागला. आत पिवळाधमक, नीट भाजलेला. मायनं त्यात तूप ओतलं, नदीपलीकडच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले, आणि पहिला घास साळ्याच्या सुजलेल्या तोंडात कोंबला. दुसरा माझ्या. मला चावता येईना, म्हणून तिनं तो काढून स्वतःच खाल्ला.

"पुढच्या सालाले?" तिनं बायकोकडे न पाहता विचारलं.

बायकोनं खोलीकडे पाहिलं. एका अंगाचा पत्रा सोलवटलेला, दार शाबूत. "येऊ न, आई. दार पक्कं हाये." मग भावाकडे वळली. "पन जायच्या आंधी यायले मांग घ्यायचं शिकवजो. नाई शिकले तर आमी येत नाई."

"शिकवतो," साळा म्हणाला. त्याचा एक डोळा बंद होता, दुसरा माझ्या कानाकडे लागला होता. "पन त्या थापडीचं काय, ताई?"

"ते तुमचं तुमी पाहा."

तेव्हापासून तो महिन्यातून एकदा कळंबहून येतो. वावरात खोली जोडलेला ट्रॅक्टर उभा असतो. मी सीटवर, तो माझ्या मागे मडगार्डवर. स्टिअरिंग सुलटं फिरलं की मानेवर एक चापट बसते. आत बाकड्यावर काच सरकवून माय बसलेली असते. ट्रॉली दुमडायला लागली की ती आतून पत्र्यावर काठी आपटते आणि साळ्याला ओरडून सांगते, "हान, बापू, आनखी एक हान त्याले! माघ जवळ येऊन राह्यला!"