तीन टाचण्यांचं पुस्तक

वाचनालयाच्या कपाटात झुरळं कुणी आणून सोडत नाही, तरी होतात. किस्स्यांचंही तसंच. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. मी नाशकात मास्तर होतो आणि शाळा सुटली की रविवार पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात जाऊन बसायचो. तिथे आमचं पाचसहा जणांचं टोळकं होतं. भुताखेतांच्या पुस्तकांशिवाय आम्ही दुसरं काही वाचत नसू. बाकीचे सभासद आम्हाला 'स्मशान कंपनी' म्हणत. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत, म्हणून सांगताना आधी हसू येतं आणि मग बरं वाटत नाही.

* * *

आमचे ग्रंथपाल तात्या. अंगानं काटकुळे, गाल बसलेले, डोळे खोल.

एकदा पंचवटीतले एक वकील बाकावर बसून वाचत होते. खून झालेली बाई आरशात दिसते, त्या पानावर ते जे घसरले ते थेट फरशीवर. आम्ही तोंडावर पाणी मारलं. वकिलांनी डोळे उघडले, तर समोर तात्या वाकलेले.

वकील पुन्हा बेशुद्ध!

दुसऱ्या दिवशी तात्यांनी टाचण्यांची डबी आणली. प्रत्येक पुस्तकातल्या भयंकर जागेची समोरासमोरची पानं त्यांनी टाचून बंद केली. नियम एकच. "टाचणी काढायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. काढलीत, तर परत करताना लावून द्या." तेव्हापासून आम्ही पुस्तकाचं नाव विचारणं सोडलं. "एका टाचणीचं आहे का?" असं विचारायचो. तीन टाचण्यांचं पुस्तक सबंध वाचनालयात एकच होतं.

* * *

कोर्टातल्या एका नव्या कारकुनाला मी मोठ्या हौसेनं दोन टाचण्यांचं पुस्तक सुचवलं. चार दिवसांनी तो तणतणत आला.

"मास्तर, यात भूत आहे कुठे? शेवटपर्यंत वाट पाहिली. लोक नुसते पळतायत!"

पुस्तक उघडून पाहिलं. दोन्ही टाचण्या जागच्या जागी होत्या.

* * *

करीमभाई देवळाली कॅम्पात सोल्जरांचे युनिफॉर्म शिवायचे. ते मोठ्यानं वाचायचे आणि त्यांची बायको काजं करता करता ऐकायची. एकदा त्यांनी परत आणलेल्या पुस्तकात टाचणी दिसेना. तात्यांनी पान उलटायला घेतलं, तर उलटेना. तिन्ही मोकळ्या कडांनी खाकी दोऱ्यानं शिवलेलं!

तात्या भडकले. "करीमभाई, हे काय?"

"टाचणी म्हणजे कच्चं काम, तात्या. घरवाली म्हणाली, ही बया पुन्हा बाहेर येता कामा नये. मग मी डबल टाका घातला."

* * *

सखारामची नदीकाठी स्मशानाला लागून लाकडाची वखार होती. तो गिऱ्हाईक येईपर्यंत तिथेच ओंडक्यावर बसून वाचायचा. मी त्याला विचारलं, "इथे बसून वाचताना भीती नाही वाटत?"

"मेलेल्या मानसाचं काय भ्या, मास्तर? तो लय गरीब. साथीच्या साली एका म्हाताऱ्याला त्याच्या पोरांनी हितं आनून टाकलं आन् चिता न पेटवताच पळाली. म्हाताऱ्याचं भ्या नाय वाटलं. पोरांचं वाटलं."

"मग पेटवली कुणी?"

"मीच की."

मी हे वाचनालयात सांगितलं आणि त्या संध्याकाळी स्मशान कंपनी लवकर उठली.

* * *

वसंतराव रेल्वेत गार्ड. ड्यूटी इगतपुरीच्या घाटात. ते स्वतः भुताचं एक पानही वाचत नसत. पुस्तकं न्यायचे ती कमलसाठी, त्यांच्या एकुलत्या एक मुलीसाठी. आई लहानपणीच गेलेली, वय सतरा, आणि क्षयानं वर्षभर अंथरुणाला खिळलेली. वसंतराव दारात आले की आतून हाक यायची, "बाबा, आज किती टाचण्या?"

कमल सगळ्या टाचण्या काढून वाचायची, नियमानं परत लावायची आणि पुस्तकात तात्यांसाठी चिठ्ठी ठेवायची. 'भूत चांगलं आहे, पण फार बोलतं.' 'नायिका मूर्ख आहे. किंचाळण्यापेक्षा तिनं भुताला विचारायचं, तुला काय हवंय?' 'आतल्या पानात काही विशेष नाही. तात्या भित्रे आहेत.'

तात्या त्या चिठ्ठ्या आम्हाला वाचून दाखवत आणि मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवत.

एका टाचणीची संपली, दोन टाचण्यांची संपली. वसंतराव म्हणाले, "आता ती तीनवालं मागतेय."

तात्यांनी डबी मिटली. "डॉक्टर काय म्हणतात?"

"जिवाला धक्का बसेल असं काही नको म्हणतात."

"मग बरी झाली की देऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली. मास्तर होतो ना, मुलांना काय झेपतं ते मला कळतं असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. 'बरी झाल्यावर भुतांची काय मजा? आत्ता द्या.'

आम्ही दिलं नाही. मी वसंतरावांबरोबर एक विनोदी पुस्तक पाठवलं. ते परत आलं, त्यात चिठ्ठी नव्हती. श्रावणात कमल गेली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

* * *

वसंतराव पुढे दोन महिने फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी ड्यूटीच्या कपड्यांतच आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ते तीन टाचण्यांचं द्या."

"कुणासाठी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी वाचणार आहे."

तात्यांनी पुस्तक काढून दिलं.

आठ दिवसांनी ते परत करायला आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. "वाचलं सगळं," म्हणाले. "तिला झेपलं असतं." आणि गेले.

तात्यांनी पुस्तक उघडलं. विहिरीतल्या हाताचं पान उघडं, माळ्यावरच्या पावलांचं उघडं, चितेवरून उठणाऱ्या माणसाचं उघडं. तिन्ही टाचण्या काढलेल्या. मात्र अगदी सुरुवातीला, भुताचा पत्ताही नसताना, दोन पानं टाचलेली होती. ती टाचणी तात्यांची नव्हती. तात्यांनी ती काढली आणि आम्ही दोघांनी ती पानं वाचली.

गोष्टीतला बाप कामावरून घरी येतो. मुलगी दारात उभी असते. त्याच्या हातातली पिशवी घेते आणि विचारते, "बाबा, आज काय आणलंत?"

तात्यांनी ती पानं होती तशी टाचली. मग डबीतून तीन टाचण्या काढून आपापल्या जागी लावल्या आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"कपाटात ठेवा, मास्तर. आणि कुणी विचारलं तर सांगा, चार टाचण्यांचं आहे."