बावतीसकाकांची पन्नास बावखलं

बावतीसकाका कितीही रंगात येऊन बोलत असोत, त्यांचा उजवा हात काडतुसं भरायच्या यंत्राच्या पितळी दांड्यावर गेला की वाक्य जिथं असेल तिथं तुटायचं. "आमच्या वसईला पूर्वी केळी अशी व्हायची की..." एवढ्यावर मी एकदा पाऊण तास ताटकळलो आहे. केळी कशी व्हायची, ते पन्नासावी पुंगळी भरून झाल्यावर कळलं. "जोशीबुवा, हात चालू तर तोंड बंद. तोंड चालू तर हात बंद. दोन्ही चालवणारा एक जण होता आमच्या कारखान्यात. मग दोन्ही बंद झाली त्याची."

रास अल खैमाच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आमचा नेमबाजीचा क्लब होता. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी तिथं स्टोअरचा कारकून होतो आणि अजमानहून रोज क्लबच्या व्हॅनने येत असे. काका मुंबईकडच्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात फिटर होते. तिथून निवृत्त होऊन ते इथं आले आणि आमच्या अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, रायफलीची काडतुसं हाताने भरू लागले. झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या साफ करायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची. विकतच्या काडतुसाने अरबाबचा नेम चुकला की तो म्हणे, "बावतीस को बुलाओ."

दारू मोजायचं यंत्र काकांपेक्षाही जुनं होतं. वर काचेची नळी, खाली खाचेचा पितळी रूळ आणि बाजूला दांडा. दांडा वर केला की खाच भरते, खाली केला की पुंगळीत रिकामी होते. काका त्याला 'म्हातारी' म्हणत. तिचा बाकीचा संसार त्यांनी घरीच बनवला होता. वरच्या दारूचा भार खालच्या दारूवर पडू नये म्हणून नळीत दूध पावडरच्या डब्याच्या पत्र्याचा पडदा बसवला होता. सागवानी फळीला पन्नास भोकं पाडून पुंगळ्या उभ्या करायची सोय केली होती. फळी भरली की टॉर्च घेऊन वाकायचे आणि एकेका पुंगळीत डोकावायचे. आपण ज्याला डबकं म्हणतो त्याला वसईत बावखल म्हणतात. "ही माझी पन्नास बावखलं," ते म्हणत. "पाणी सगळ्यांत सारखं पाहिजे. हात चुकतो, डोळा चुकतो. पण दोघं एकदम चुकत नाहीत."

आता माझा पराक्रम.

एका गुरुवारी सकाळी काका चष्म्याचा नंबर तपासायला गेले होते. दुपारी अरबाबच्या पाहुण्यांबरोबर नेमबाजीची पैज होती. म्हातारीचा दांडा हल्ली कुरकुरतो, असं काका दोनदा म्हणाल्याचं मला आठवलं. परोपकाराची उबळ आली. माझ्या बॅगेत केसांना लावायच्या खोबरेल तेलाची बाटली होती. रूळ काढला, सढळ हाताने तेल घातलं, फडक्याने पुसलं. दांडा लोण्यासारखा फिरू लागला. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

काका आले, बसले, दांडा फिरवला. "आज म्हातारी प्रसन्न दिसते!" मी गालात हसलो. तीन फळ्या बिनबोभाट भरल्या, गोळ्या बसल्या. चौथ्या फळीवर काका टॉर्च घेऊन वाकले ते उठेचनात. पुन्हा वाकले. चष्मा पुसून पुन्हा.

"जोशीबुवा, ह्या दोनांत पाणी कमी आणि शेजारच्यात जास्त. मला असं दिसतंय की तसं आहे?"

मी पाहिलं. तसंच होतं. रुळाच्या खाचेत दारूचा ओलसर गोळा चिकटला होता. मी फळी सोडून त्या खाचेकडेच बघत राहिलो.

काका स्टुलावर टेकले. "सकाळी डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू धरतोय. मी म्हटलं, अजून वेळ आहे. आधीच्या तीन फळ्यांत किती सुटली असतील माझ्या नजरेतून?" मग अगदी शांतपणे म्हणाले, "मॅनेजरला सांगतो, मला घरी पाठवा. ज्याला बावखल दिसत नाही त्याने दुसऱ्याच्या गालाशी फुटणारी वस्तू भरू नये."

ते दारापर्यंत पोचलेही. तेव्हा कुठे मी किंचाळलो, "काका, खोबरेल!"

"काय?"

"मी घातलं. म्हातारीला. डोक्याचं तेल."

काकांनी मागे फिरून रूळ काढला आणि नाकाशी नेला. मला वाटलं, आता तो डोक्यात बसणार. पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे डोळे शाबूत आहेत माझे! अरे गाढवा, हे आधी नाही सांगायचं? तेलाने दारू चिकटते, मरते. हिला शिसं लागतं, पेन्सिलीचं!"

तेवढ्यात अरबाब आत आला. "बावतीस, कारतूस? यल्ला, मेहमान आ गया!"

"खलास, अरबाब. आज का सब तोडेगा."

"सब? दो सौ?"

"डेढ सौ भरा, डेढ सौ तोडेगा. चौथा पाट खाली करेगा. मशीन में तेल गया. मैंने भरा, मैं तोडेगा. आज दुकान का मारो."

"मैं हार जाएगा, बावतीस!"

"हारेगा. आंख रहेगा."

अरबाब हरला आणि आठवडाभर काकांशी बोलला नाही. तेल कुणी घातलं हे त्याने विचारलं नाही, काकांनी सांगितलं नाही. लाकडी हातोड्याच्या डोक्यात एकेक काडतूस अडकवायचं, जमिनीवर आपटायचं, की गोळी सुटून येते. ते काम काकांनी केलं. मला शिक्षा पेन्सिलींची मिळाली. दोन डझन पेन्सिलींचं शिसं किसून, धुतलेल्या रुळावर बोटाने घासायचं. घरी गेल्यावर लेक नाक मुरडून म्हणाली, "बाबा, यू स्मेल लाइक स्कूल!"

त्यानंतर काकांनी मला शेजारी बसवून घेतलं. पुढची सहा-सात वर्षं मी दांडा फिरवायला शिकलो आणि, बायकोच्या मते प्रथमच, गप्प बसायलाही.

दोन हजार दोन-तीनची गोष्ट. एकदा स्वतः फळी भरून काकांनी टॉर्च माझ्या हातात दिला. "आज तू बघ."

मी वाकलो. पहिली ओळ, दुसरी ओळ. "काका, तिसरीतलं चौथं. पाणी कमी आहे."

"खोबरेल नाही ना?"

"नाही."

"दिसलं तुला?"

"दिसलं."

"मुद्दाम कमी घातलं होतं," काका म्हणाले आणि हात पुसू लागले. "आता मी वसईला जायला मोकळा."

बोलताना ते फळीकडे बघत होते, पण तिसऱ्या ओळीकडे नाही, जरा डावीकडे, जिथं काहीच नव्हतं. मी ते पाहिलं. मुद्दाम घातलं होतं का, हे विचारावंसं वाटलं. पण तोवर ते बावखल ओतून नव्याने भरायला माझा हात दांड्यावर गेला होता.